दोन कविता, एक उत्तर: तुलनात्मक रसग्रहण लिहायला बसणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या मराठी घरात पुण्याचा पाहुणा आला की शेवउसळीवरून वाद ठरलेला. पाहुणा पहिल्या घासाला म्हणतो, "ही तर आमची मिसळच की!" की आमच्याकडचा कोणीतरी उसळलाच. "मिसळीत मोड आलेली मटकी असते काका, यात वाटाणा आहे. तुम्ही फरसाण घालता, आम्ही नुसती शेव. झणझणीत दोन्ही, पण पोटात गेल्यावर कळतं कोणती कुठली ते."

या वादात कोणीही आधी दहा मिनिटं फक्त मिसळीवर बोलून मग दहा मिनिटं शेवउसळीवर बोलत नाही. प्रत्येक वाक्यात दोन्ही ताटल्या समोर असतात. तुलना करायला आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, तरी ती येते. पेपरात दोन कविता समोर आल्या की मात्र हीच माणसं आधी एका कवितेचं सगळं सांगून टाकतात, मग दुसरीचं, आणि शेवटी "अशा प्रकारे दोन्ही कविता सुंदर आहेत" लिहून पेन खाली ठेवतात.

मीही बारावीत तेच केलं होतं. दीड पान पहिल्या कवितेवर, दीड पान दुसरीवर, अक्षर मोत्यासारखं. निम्मे गुण मिळाले. बाईंनी समासात लाल पेनानं एकच ओळ लिहिली होती: "उत्तरं दोन लिहिलीस, विचारलं एक होतं." तेव्हा राग आला. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी साहित्य शिकताना कळलं की बाईंनी अख्खा विषय त्या एका ओळीत शिकवला होता. आता बरीच वर्षं संध्याकाळी माझ्याकडे मुलं येतात. कोणी गुजरात बोर्डाचं, कोणी सीबीएसईचं, कोणी परदेशी बोर्डाच्या शाळेतलं. एका कवितेचं रसग्रहण बहुतेकांना येतं: आशय, काव्यसौंदर्य, भाषा, तीन परिच्छेद, झालं. दोन कवितांपाशी सगळ्यांचं घोडं अडतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

उदाहरणाला मी मुद्दाम एक गुजराती आणि एक मराठी रचना घेतली आहे: नरसी मेहतांचं "वैष्णव जन तो" आणि तुकारामांचा "जे का रंजले गांजले". पेपरात बहुधा दोन्ही कविता एकाच भाषेतल्या असतील. पण बडोद्यात वाढलेल्या मुलांच्या कानावरून या दोन्ही गेलेल्या असतात, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं असतं.

आधी एवढं जवळ ठेवा

- दोन्ही कवितांची झेरॉक्स, एकाच पानावर शेजारी शेजारी. एक कविता पान 12 वर आणि दुसरी पान 40 वर असली की नुसतीच पानं उलटली जातात, तुलना होत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, हसण्यावारी नेऊ नका.
- पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं. साम्याला एक रंग, भेदाला दुसरा.
- तुमच्या बोर्डाच्या मागच्या दोन-तीन प्रश्नपत्रिका, गुणविभागणीसकट.
- हातावरचं घड्याळ. सरावाच्या वेळी मोबाइल बाजूच्या खोलीत.
- शब्दकोश. गुजराती कवितेसाठी घरात कोश नसेल तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीरावांनी 1910 मध्ये सुरू केलेलं हे ग्रंथालय. आत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, त्या बघायला म्हणून गेलात तरी चालेल. ते जमणार नसेल तर गुजराती बोलणारी शेजारीण. माझ्या अनुभवात ती कोशापेक्षा लवकर उघडते.

1. प्रश्नातलं क्रियापद शोधा

"तुलना करा", "साम्यभेद स्पष्ट करा" आणि "कोणती कविता अधिक परिणामकारक वाटते ते सकारण लिहा" हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोन्हींत निवाडा मागितलेला नाही, तिसऱ्यात मागितला आहे. शिवाय प्रश्नात बहुतेक वेळा एक विषय दिलेला असतो: "सज्जनाचे चित्रण", "निसर्ग", "आईचे रूप". त्याखाली रेघ मारा. प्रश्न सज्जनाच्या चित्रणाबद्दल असेल तर भक्तिसंप्रदायाचा इतिहास लिहायचा नाही, कितीही येत असला तरी.

2. मोठ्यानं वाचा आणि ओळखीच्या शब्दांवर संशय घ्या

अवघड शब्दापाशी आपण थांबतो, कोणालातरी विचारतो. आपल्याला तोंडघशी पाडतात ते ओळखीचे वाटणारे शब्द.

गेल्या वर्षी एका नववीतल्या मुलाला मी "वैष्णव जन" मधली ही ओळ दिली: "परधन नव झाले हाथ रे". त्यानं आत्मविश्वासानं अर्थ लिहिला, "दुसऱ्याचे धन नवीन झाले आणि हातात आले." म्हणजे साक्षात वैष्णवाला चोर करून ठेवलं. गुजरातीत इथे "नव" म्हणजे "न", आणि "झालवुं" म्हणजे धरणं, पकडणं. हात दुसऱ्याच्या धनाला धरत नाही, इतका सरळ अर्थ आहे.

याच पदात असे सापळे जागोजागी आहेत. "वाच काछ मन निश्चळ राखे" मधला "वाच" म्हणजे "पुस्तक वाच" मधला नव्हे; ती वाणी. "काछ" म्हणजे कासोटा, इथे अर्थ इंद्रियांवरचा ताबा. "तोये मन अभिमान न आणे" मधल्या "तोये" चा आपल्या "तो" शी संबंध नाही. त्याचा अर्थ "तरीही". दुसऱ्याच्या दुःखात धावून जातो, आणि तरीही मनात अभिमान आणत नाही. तो "तरीही" हरवला तर ओळीतला खरा कस हरवतो, कारण उपकार करणारे पुष्कळ असतात. "रामनाम शुं ताळी रे लागी" मध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही. तंद्री लागली आहे.

तुकारामांकडेही हाच धोका आहे, फक्त मराठी असल्यानं आपण बेसावध असतो. "ज्यासि आपंगिता नाही" यातला "आपंगिता" म्हणजे सांभाळणारा, आपलंसं करणारा. मुलं "अपंग" शी जोडतात आणि अख्खा परिच्छेद दिव्यांगांच्या सेवेवर लिहितात. भाव चांगला आहे, पण कविता ते म्हणत नाही.

आता मोठ्यानं का वाचायचं? "वैष्णव जन" ची प्रत्येक ओळ "रे" वर येऊन टेकते, लांब आणि संथ. तुकारामांचे चरण साधारण आठ-आठ अक्षरांचे, छोटे, एकापाठोपाठ एक पडणारे. डोळ्यांनी वाचलंत तर हे निसटेल. जिभेला लगेच कळतं.

3. दोन्ही कविता ज्या एका प्रश्नाचं उत्तर आहेत, तो प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त वेळ मी मुलांना इथे बसवते. "दोन्ही कवितांचा विषय भक्ती आहे" हे खरं असलं तरी निरुपयोगी आहे. त्यातून पुढे काहीच निघत नाही. विषयाऐवजी प्रश्न लिहा.

या जोडीचा प्रश्न: चांगला माणूस ओळखायचा कसा?

आता बघा. दोघंही उत्तर देतात, म्हणजे साम्य मिळालं. उत्तरं वेगळी आहेत, म्हणजे भेद मिळाला. आणि "ओळखायचा कसा" या शब्दांमुळे दोघांची रीत तपासायची वाटही मिळाली. प्रश्न एका ओळीत बसत नसेल, किंवा त्याचं उत्तर फक्त एकच कविता देत असेल, तर तो खोडून पुन्हा लिहा. पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

4. तक्ता करा, पण यादी नको

पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे एक कविता, उजवीकडे दुसरी. नियम एकच: डावीकडे काही लिहिलं की त्याच ओळीत उजवीकडे त्याचा जोडीदार लिहायचा. जोडीदार मिळाला नाही तर तो मुद्दा सोडून द्यायचा, कितीही आवडता असला तरी. बहुतेक मुलं डावी बाजू भरभर भरून टाकतात आणि उजवीकडे उपमा, रूपक, अनुप्रास असं काहीतरी आठवून लिहितात. ती यादी झाली.

या जोडीत आम्हाला काय सापडलं ते सांगते. यातलं निम्मं मुलांनीच शोधलं आहे.

पहिलं म्हणजे "जे". नरसी म्हणतात, "वैष्णव जन तो तेने कहीए, जे पीड पराई जाणे रे". तुकाराम म्हणतात, "जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले". दोन्हीकडे "जे" आहे, पण नरसींचा "जे" वैष्णव आहे आणि तुकारामांचे "जे" दुःखी लोक आहेत. एकच अक्षर, एका कवितेत देणाऱ्याकडे बोट दाखवतं आणि दुसरीत घेणाऱ्याकडे. हे एका अकरावीतल्या मुलीनं दाखवलं, तोपर्यंत ही रचना मी शंभर वेळा म्हटली असेन आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरं, "पराई" आणि "आपुले". नरसींचा वैष्णव परक्याची पीडा जाणतो. तुकारामांचा साधू परक्याला परकं राहूच देत नाही, त्याला "आपुले" म्हणतो. एकाचं क्रियापद जाणण्याचं, दुसऱ्याचं म्हणण्याचं.

तिसरं, नकार. पेन्सिल घ्या आणि "वैष्णव जन" मधले नकार मोजा: अभिमान न आणे, निंदा न करे, असत्य न बोले, परधन नव झाले, मोहमाया व्यापे नहि. वर "वणलोभी" (लोभ नसलेला), "कपटरहित", "तृष्णा त्यागी" आहेतच. नरसींचा वैष्णव बऱ्याच अंशी काय करत नाही यावरून ओळखायचा आहे. आता तुकारामांच्या अभंगात नकार शोधा. एकच सापडतो, "ज्यासि आपंगिता नाही", आणि तोही साधूचा नाही. ज्याला कोणी नाही त्याचा आहे. हा मुद्दा ज्या उत्तरात येईल ते उत्तर तपासणाऱ्याच्या हातून बाजूला पडणार नाही.

चौथं, देव कुठे आहे. नरसींच्या वैष्णवाच्या शरीरात सगळी तीर्थं आहेत, "सकळ तीरथ तेना तनमां रे". तुकारामांचा साधू हीच भगवंताची मूर्ती. दोघांनीही देव देवळातून उचलून माणसात आणून ठेवला. इथे भेदापेक्षा साम्य जास्त बोलकं आहे, तेव्हा साम्याच्या रंगानं गोल करा.

पाचवं, प्रतिमा. नरसी लक्षणं सांगत जातात, चित्रं फारशी काढत नाहीत. तुकाराम थोडक्यात दोन चित्रं देतात: आतबाहेर मऊ असलेलं लोणी, आणि पोटच्या पोराला लावतो तीच माया दास-दासींना लावणारा घरधनी. दुसरं चित्र परीक्षेत फार उपयोगी पडतं, कारण त्यात एक अख्खं घर दिसतं.

पाच पुरेत. चारही चालतात. दहा मुद्दे काढणारी मुलं प्रत्येकावर दीड वाक्य लिहितात आणि कशातच शिरत नाहीत.

5. पहिला परिच्छेद: तीन वाक्यं, फार तर चार

"कविता ही माणसाच्या जीवनाचा आरसा आहे" असलं काही लिहू नका. मराठीतल्या प्रत्येक कवितेबद्दल ते लिहिता येतं, म्हणजेच या दोन कवितांबद्दल ते काहीच सांगत नाही. पायरी 3 मधला प्रश्न विधान करून लिहा, दोघांचं उत्तर एका वाक्यात द्या, आणि तुमचा मुख्य भेद सांगून टाका. रहस्य शेवटपर्यंत राखून ठेवायला ही काही गूढकथा नाही.

6. मधले परिच्छेद: एका परिच्छेदात दोन्ही कविता

सगळा खेळ इथे आहे. आधी एक नमुना जो मला दर आठवड्याला वाचावा लागतो:

"नरसी मेहता यांनी वैष्णवाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे. तो दुसऱ्याचे दुःख जाणतो, निंदा करत नाही, खोटे बोलत नाही. तुकारामांनी देखील साधूचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे. तो रंजल्या गांजल्यांना आपले म्हणतो."

चूक काही नाही. पण "देखील" या एका शब्दावर सगळी तुलना टांगली आहे, आणि "अतिशय सुंदर" दोनदा आल्यामुळे दोन्ही कविता सारख्याच दिसायला लागल्या. आता हाच मुद्दा असा लिहून बघू:

"दोन्ही कवी सज्जनाची व्याख्या करतात, मात्र नरसी मेहता नावापासून लक्षणांकडे येतात, तर तुकाराम लक्षणापासून नावाकडे जातात. ‘वैष्णव जन तो तेने कहीए’ असे म्हणून नरसी आधी ‘वैष्णव’ हा शब्द समोर ठेवतात आणि त्यात कोण बसतो हे एकेका लक्षणाने तपासतात. याउलट तुकाराम ‘जे का रंजले गांजले’ यांच्यापासून सुरुवात करतात. अभंगात पहिले पाऊल साधूचे नाही, दुःखी माणसाचे पडते. साधू दुसऱ्या चरणात ‘जो’ या सर्वनामाच्या रूपाने येतो आणि त्याला नाव त्यानंतर मिळते. त्यामुळे नरसींच्या पदात आपण वैष्णवाकडे पाहतो, तर तुकारामांच्या अभंगात साधू ज्यांच्याकडे पाहतो त्यांच्याकडे आपलेही लक्ष जाते."

याचे सांधे बघा. पहिल्याच वाक्यात दोघं आले. मग नरसींचा पुरावा, मग "याउलट" म्हणून तुकारामांचा पुरावा, आणि "त्यामुळे" म्हणून वाचणाऱ्यावर होणारा परिणाम. पुराव्यासाठी अख्खं कडवं उतरवलेलं नाही. चार-पाच शब्दच उचलले आहेत. मुलं कडवीच्या कडवी लिहून पान भरतात, आणि तपासणाऱ्याला ती कविता पाठ असते.

"तर", "मात्र", "याउलट", "त्याच वेळी", "दोघांनाही... पण" हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. एका परिच्छेदात यातले दोन तरी आले नाहीत, तर तुम्ही बहुधा पुन्हा दोन वेगळी उत्तरं लिहायला लागला आहात.

बडोदेकरांसाठी एक खास इशारा. उत्तर लेखी, प्रमाण मराठीत हवं, आणि आपल्या मराठीत गुजराती कधी शिरते ते आपल्याला कळत नाही. "मला हा अभंग गमला" हे तर ओळखू येतं. पण "सरस" नाही येत. गुजरातीत सरस म्हणजे छान. मराठीत सरस म्हणजे वरचढ. एका मुलीनं लिहिलं, "तुकारामांचे वर्णन सरस आहे." तिला म्हणायचं होतं छान आहे; वाचणाऱ्याला वाटलं तिनं निकालच लावला, आणि त्याची कारणं पुढे कुठेच नाहीत. तुलनात्मक उत्तरात या एका शब्दानं घोटाळा होतो.

7. अलंकार आणि छंद: नाव सांगून थांबू नका

"येथे उपमा अलंकार आहे" याला फार तर अर्धा गुण. तुकारामांच्या नवनीताची, म्हणजे लोण्याची, उपमा तिथे काय करते हे लिहा: लोणी आतून वेगळं आणि बाहेरून वेगळं नसतं, आणि "सबाह्य" हा शब्द नेमकं तेच बोलतो. मग जोडीदार आणा: नरसी हीच गोष्ट "कपटरहित" या एका शब्दात, चित्राशिवाय सांगतात. एक दाखवतो, दुसरा सांगतो.

छंदाचंही तसंच. पद आणि अभंग, एवढं नाव आलं की पुढे चाल, लांबी, यमक यांचा आशयाशी संबंध लावा. छंदाची गोडी लागलीच तर माधव ज्यूलियन यांचा "छंदोरचना" हा ग्रंथ चाळा. ते 1894 मध्ये आपल्या बडोद्यातच जन्मले, हे इथल्या मुलांनाच माहीत नसतं. परीक्षेसाठी एवढ्या खोलात जायची गरज नाही. मी स्वतः तो सलग वाचलेला नाही, अडलं की उघडते.

8. संदर्भ: चिमूटभर

"वैष्णव जन" दिसलं की दहातली आठ मुलं गांधीजींवर परिच्छेद लिहितात. गांधीजींचं ते आवडतं भजन होतं हे खरंच आहे, पण ती माहिती भजनाच्या पुढच्या आयुष्याची आहे, त्याच्या शब्दांची नाही. एका अर्ध्या वाक्यात येऊन गेली तर हरकत नाही. काळही तसाच: नरसी पंधराव्या शतकातले, तुकाराम सतराव्या. यावरून "तुकारामांनी ही कल्पना नरसींकडून घेतली" अशी उडी मारू नका. मागून आलेला प्रत्येक जण उसना घेत नसतो. "भणे नरसैयो" आणि "तुका म्हणे" या नाममुद्रा मात्र जरूर घ्या, त्या कवितेच्या आतल्या आहेत.

संदर्भाला किती जागा द्यावी याचा एक अंदाज माझ्या भाचीमुळे मिळाला. ती इंग्लंडमध्ये शिकते. तिथे सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा असते, आणि तिच्या एक्यूए या बोर्डात कवितांच्या तुलनेचा प्रश्न 30 गुणांचा. संचात 15 कविता. पेपरात त्यातली एकच छापून येते आणि दुसरी आपण निवडायची, तीही पुस्तकाशिवाय, आठवणीतून. त्या 30 पैकी आशय व मांडणीला 12, भाषा आणि रचनेला 12, आणि संदर्भाला 6. गुणविभागणी तुमच्या बोर्डाची वेगळी असेल, ती आधी बघा. पण पाचव्या हिश्शाचं हे प्रमाण मी इथल्या मुलांनाही सांगते.

तिच्यासारखा आठवणीतून दुसरी कविता निवडायचा प्रश्न तुम्हाला असेल तर सगळ्या कविता सारख्याच पाठ करत बसू नका. पाच-सहा जोड्या ठरवा, प्रत्येक जोडीला पायरी 3 सारखा एक प्रश्न लावा, आणि प्रत्येक कवितेतले चार-चार शब्दांचे चार तुकडे पक्के करा.

9. वेळ आणि शेवट

45 मिनिटं असतील तर पहिली 10 वाचन आणि तक्ता, मग 30 लेखन, 5 पुन्हा वाचायला. पहिल्या दहा मिनिटांत शेजारचा मुलगा पुरवणी मागून घेतो. मागू द्या.

शेवटचा परिच्छेद म्हणजे आधी लिहिलेल्याची उजळणी नव्हे. निवाडा मागितला असेल तर तो द्या, आणि मुद्द्यावरून द्या. इथे बडोद्यात एक गंमत होते: मराठी मुलं तुकारामांना जिंकवतात, गुजराती मुलं नरसींना. कुस्ती लावलेली नाही. "स्वतःला तपासायचं असेल तर नरसींची यादी अधिक उपयोगी, समोरच्याकडे बघायचं असेल तर तुकारामांची ओळ" असा निवाडाही चालतो, तुमच्या आधीच्या परिच्छेदांनी तो पेलला म्हणजे झालं. निवाडा मागितलेला नसेल तर अजून न वापरलेला एक छोटा मुद्दा शेवटाला ठेवा. मी तक्त्यातला चौथा, तीर्थ आणि मूर्तीचा, राखून ठेवायला सांगते.

वाचून बघताना फक्त एक तपासा: प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कवींची नावं आहेत का? दोन पेनांनी त्यांना गोल करा. एखाद्या परिच्छेदात एकच रंग दिसला तर तिथे "याउलट" घालून एक वाक्य वाढवायला अजून वेळ असतो.

सरावासाठी एक जोडी

रामदासांचं "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे" आणि बहिणाबाईंचं "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर". दोन्ही मनाबद्दल. एकाची चाल बारा अक्षरांच्या भुजंगप्रयात वृत्तात बांधलेली, दुसरीत खानदेशी बोली आणि दोनदा-दोनदा येणारे शब्द. रामदास मनाशी बोलतात, त्याला "सज्जना" म्हणून हाक मारतात, कुठे जायचं ते सांगतात. बहिणाबाई मनाला हाक मारत नाहीत. त्या मनाबद्दल बोलत राहतात आणि शेवटी देवालाच विचारतात की असं मन कसं घडलं, "कुठे जागेपनी तुले असं सपन पडलं". तक्त्याची पहिली ओळ म्हणून "कोण कोणाशी बोलतंय" हे घ्या. उरलेल्या चार तुम्ही शोधा.